पाळण्यात शेवटी कोण झोपलं होतं

ऑनलाइन वस्तू विकणं म्हणजे फोटो टाकायचा, किंमत लिहायची, माणूस येणार, पैसे देणार, वस्तू उचलून नेणार, असं मला वाटलं होतं. इतकी मी भाबडी. धाकटीने माझ्या मोबाइलमध्ये जुन्या वस्तू विकायचं ते अ‍ॅप टाकून दिलं, फोटो काढले, आणि दहा मिनिटांत निरोप आला, "अवेलेबल छे?" मी लगेच लिहिलं, हो, आहे. तो माणूस त्यानंतर आजपर्यंत बोललेला नाही. पहिल्या दोन दिवसांत असे कितीतरी आले. आहे का विचारायचं, आणि आहे म्हटलं की गायब. मी पोरीला म्हटलं, "नाही घ्यायचं तर विचारता कशाला मेले?" ती म्हणाली, "मम्मी, असंच असतं. तू चिडू नको ने."

विकायला काढला होता पाळणा. सागाचा, चार पायांचा, वरच्या दांडीला पितळी कड्या असलेला. थोरली झाली तेव्हा माझ्या वडिलांनी बारशाला धुळ्याकडून बसच्या टपावर बांधून आणलेला. आम्ही सुरतेत नवे होतो. हे पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायच्या खात्यात नुकतेच लागलेले. घरात धड खाट नव्हती आणि पाळणा मात्र सागाचा! थोरली त्यात झोपली, पाच वर्षांनी धाकटी झोपली, मग तो सुटा करून माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. आता धाकटी बारावीला. तिला अभ्यासाला टेबल पाहिजे होतं. नवागामच्या एका खोलीत टेबल आणायचं म्हणजे आधी दुसरं काहीतरी बाहेर काढावं लागतं. माझी शिलाई मशीन काढता येत नाही, मी बाजारातल्या साड्यांना घरी लेस लावून देते. साड्यांचे गठ्ठे माळ्यावर टाकले तर टेबलाला जागा होत होती. म्हणून पाळणा उतरवला, जोडला, पुसून तेल लावलं. तेल लावताना रडू आलं, खोटं कशाला सांगू. किंमत लिहिली अठराशे.

मग सुरू झाली गंमत. एकाने विचारलं, "एक नंगचा काय भाव? अन् दहा नंग घेतले तर?" सुरतेचा व्यापारी, त्याला एक वस्तू विकत घेता येतच नाही. मी लिहिलं, "भाऊ, दहा कुठून आणू? मला दोनच पोरी झाल्या." एका बाईने पाळण्याच्या बदल्यात मिक्सर देऊ केला, भांडी नसलेला. एकाने थेट तीनशे लिहिले आणि खाली हात जोडल्याचं चित्र. मी लिहिलं, तीनशेत ह्याचे पायसुद्धा येत नाहीत. तर तो म्हणतो, मग पाय द्या. आणि एक जण तर पत्ता विचारत विचारत दारात येऊन उभा राहिला. चांगला भरभक्कम, घामाने निथळलेला. आत आला, पाळण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "बेन, आ तो नानो छे," म्हणाला. त्याला गच्चीवर बसून झोके घ्यायला पाहिजे होतं. फोटोत त्याला पाळणा मोठा वाटला होता. मी त्याला पाणी दिलं, तो गेला, आणि आम्ही मायलेकी पोट धरधरून हसलो.

चौथ्या दिवशी एका माणसाने नीट विचारपूस केली. लांबी किती, लाकूड कुठलं, किडलंय का. मला बरं वाटलं, म्हटलं हा घेणार. त्याने शेवटी हिंदीत विचारलं, "इसमें बाबा सोया था या बेबी?"

मला प्रश्नच कळला नाही. मला वाटलं, मुलगे जास्त लाथा मारतात, पाळणा खिळखिळा झाला असेल म्हणून विचारतोय. मी मोठ्या कौतुकाने लिहिलं, "दोनों बेटियाँ. एकदम मजबूत है."

तिकडून उत्तर आलं, "फिर पाँच सौ कम करो."

मी तो निरोप तीन वेळा वाचला. हातातली लेस तशीच राहिली. पाचशे कमी? कशाचे? माझ्या पोरी त्यात झोपल्या म्हणून? लाकडाला काय वास लागला का? माझ्या तोंडून अशा शिव्या निघाल्या की धाकटी टेबलाची जागा मोजायची टेप हातात घेऊन बघतच राहिली. मी त्याला लिहायला घेतलं, पण रागाच्या भरात भलतीच अक्षरं उमटत होती. धाकटीने मोबाइल काढून घेतला आणि त्या माणसाला बंद करून टाकलं. "जवा दे ने, मम्मी. पागल छे," म्हणाली. ती घरातही निम्मं गुजरातीच बोलते. आमची अहिराणी तिला समजते सगळी, पण बोलायला लाज वाटते.

एकच पागल असता तर जाऊ दिलं असतं. पण नंतरच्या आठवड्यात आणखी दोघांनी तेच विचारलं. एक बाई तर फोनवर गोड आवाजात म्हणाली, "बाबाचा असता तर दोन हजार पण दिले असते हो." मी शेजारणीला सांगितलं, ती आमच्याच भागातली, चोपड्याकडची. मला वाटलं तीही चिडेल. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "विचारतातच. आपल्याकडे पण विचारतात. आधी कोण झोपलं ते नाही बघत, शेवटी कोण झोपलं ते बघतात. शेवटी झोपतं त्याच्यामागे तेच येतं म्हणे. म्हणून तर मुलाचा पाळणा कोणी उसना देत नाही." मी पन्नाशीला आले आणि मला हे माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनी नवाकोरा पाळणा आणला होता, म्हणून मला कोणाकडे मागायची वेळच आली नव्हती.

त्यानंतर तिचा निरोप आला. त्या पोरीचा.

दुपारची वेळ होती, धाकटी क्लासला गेली होती. मराठीतच लिहिलं होतं. "काकू, पाळणा आहे का?" मी आहे म्हटलं आणि वर रागाने लिहिलं, "दोन्ही मुली झोपल्यात. भाव कमी होणार नाही." बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, गेली. मग एकामागून एक निरोप येत गेले, ते मी उभ्याउभ्याच वाचले.

तिला चौथा महिना लागला होता. पहिली मुलगी होती, दोन वर्षांची. सासू गावाकडून आली होती आणि म्हणत होती, या वेळी तपासून घ्यायचं. गावाकडे कोणी डॉक्टर होता, चोरून बघून सांगणारा. मुलगी निघाली तर काय करायचं तेही ठरलं होतं. पुढच्या सोमवारची गाडी सांगून झाली होती. मग गावच्या भगताने सासूला सांगितलं की ज्या पाळण्यात शेवटी मुलगा झोपला तो पाळणा घरात आणा, मुलगाच होणार, तपासायची गरज नाही. नातेवाइकांत कोणी मुलाचा पाळणा देईना. सासूने सोमवारपर्यंत मुदत दिली होती. पाळणा मिळाला तर ठीक, नाहीतर गाडी.

शेवटचा निरोप असा होता: "काकू, तुम्ही फक्त मुलगा म्हणा. मी पाया पडते."

मी तिला लिहिलं, अगं पोलिसात जा, सरकारी दवाखान्याच्या आशाताईला सांग, मी येते तुझ्यासोबत. ती म्हणाली, माहेरी कोणी नाही, हे लोक मला काढून देतील आणि मुलगी ठेवून घेतील. नवऱ्याला विचार म्हटलं, तर म्हणाली, तो आईपुढे बोलत नाही. मी विचारलं, आणि मुलगी झाली तर? पाळण्यामुळे थोडंच काही होणार आहे? तिने लिहिलं, "झाली तर झाली. एकदा झाल्यावर काय करतील? रागावतील. रागावू दे."

किती साधं लिहिलं होतं त्या पोरीने. मला खोटं बोलायला जमत नाही असं नाही. बाजारात मी रोज बोलते, लेस कमी पडली, मशीन बिघडली, ताप आला. पण हे वेगळं. मी तिला लिहिलं, "उद्या दुपारी सासूला घेऊन ये."

आल्या दोघी. पोरगी एवढीशी, चेहऱ्यावर पदर, माझ्याकडे बघेचना. सासू माझ्याच वयाची असेल. मला वाटलं होतं कोणीतरी राक्षसीण येईल. तर साधी बाई, पायात झिजलेली चप्पल, हातावर गोंदलेलं, आल्या आल्या माझ्या देवाला हात जोडणारी. आणि बोलली अहिराणी! माझ्या आईसारखीच बोलली. आपल्या बोलीत खोटं बोलणं मला फार जड जातं. ती खाली बसली, पाळण्याच्या दांडीवरून हात फिरवला, कड्या ओढून पाहिल्या. मग मान वर न करता विचारलं, "यामा शेवट कोन झोपेल व्हतं? आंडोर का आंडेर?" म्हणजे मुलगा का मुलगी.

मी थांबले. सून जमिनीकडे बघत होती, तिच्या पायाचा अंगठा फरशीवर दाबलेला होता, नख पांढरं पडलं होतं.

"आंडोर," मी म्हटलं.

सासूने मान वर केली. "आंडोरचा पाळणा इकतस का कोनी?" ती विचारत होती, मुलाचा पाळणा कोणी विकतं का. बाई हुशार होती. मी म्हटलं, घरात जागा नाही, बघताय ना. ती म्हणाली, मुलगा काय करतो? आणि मग माझी जीभ सुटली ती सुटलीच. हजीऱ्याला कंपनीत आहे, लॅबमध्ये. सकाळी पावणेसहाला कंपनीची बस येते. पहिल्या पगारात मला मिक्सर आणला आणि बापाला चष्मा. लग्नाचं नाव काढलं की चिडतो. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, सगळं माझ्या थोरलीचं होतं. फक्त "ती"चा "तो" केला. आणि सांगता सांगता मला त्या मुलाचा अभिमान वाटायला लागला, जो जन्माला आलाच नव्हता. सासू ऐकत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाग्यवान आहात," म्हणाली. "एकुलता आहे?"

"एकुलता."

तेवढ्यात दारात धाकटी आली. क्लास लवकर सुटला होता. पाठीला सॅक, घामेजलेली, एक बूट काढलेला, दुसऱ्याची लेस सोडत वाकलेली. सासू वळून बघायला लागली. "मंग हाई कोन शे?"

आणि मी म्हटलं, "शेजारनी शे."

शेजारची आहे. असं म्हटलं मी. माझ्या पोरीबद्दल, तिच्यासमोर, माझ्या घराच्या उंबऱ्यावर.

धाकटी वाकलेली तशीच राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही बोलणार, मम्मी हे काय म्हणून ओरडणार, आणि सगळं ओम फस्स होणार. पण तिने काढलेला बूट पुन्हा पायात घातला, लेस नीट बांधली, आणि शेजारणीच्या घरात गेली. इथूनही दिसत होती ती, दाराशी वेताच्या मोढ्यावर बसलेली, सॅक मांडीवर घेऊन. मी इकडे पाळण्याचे स्क्रू सोडवत होते.

सासूने भाव केला नाही. अठराशे मांडले, वर अकरा रुपये ठेवले, म्हणाली मुलाच्या हातावर ठेवा, आणि माझा नंबर लिहून घेतला. जाताना सुनेने माझ्या पायांना हात लावला. लावला म्हणजे पाय धरलेच. रिक्षात पाळण्याच्या फळ्या आडव्या घालून त्या गेल्या. संध्याकाळी तिचा निरोप आला, "काकू, सोमवारची गाडी नाही म्हणून सांगितलं." मग तिने तो नंबर बंद केला असावा, कारण मी पाठवलेलं काही तिला पोचलं नाही.

धाकटी दिवेलागणीला घरी आली. मी तिला मोबाइल दिला, म्हटलं आधी हे वाच आणि मग काय बोलायचं ते बोल. तिने सगळं वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, "बरोबर केलं तू." मला हायसं वाटलं. मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती बाजूला झाली.

"पण मम्मी, आंडोर म्हणताना तू थांबली होती. मी तेव्हाच आले होते, बाहेरच उभी राहिले, मी ऐकलं. एवढा वेळ थांबली की मला वाटलं काय झालं. आणि शेजारची म्हणताना जरा पण नाही थांबली. ते इतकं पटकन कसं आलं तुझ्या तोंडात?"

मी म्हटलं, अगं घाईत, ती बाई संशयी होती, शेवटी तूच झोपलेली ना त्यात, तू माझी म्हटलं असतं तर सगळं फिसकटलं असतं. सगळं खरं. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "हां. बरोबर छे." आणि पुस्तक उघडून बसली.

थोरली हजीऱ्याहून आली, तिला सांगितलं तर ती खो खो हसली. "मी मुलगा झाले? मग आता स्वयंपाकाला हात नाही लावणार," म्हणाली. तिला त्यात काही लागलं नाही. लागायचं कारणच नव्हतं, तिचं तर मी कौतुक केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाकटीला डबा दिला. ती म्हणाली, "थँक यू, मासी." आमच्या गल्लीत पोरी शेजारच्या बायकांना मासी म्हणतात. मला वाटलं, चेष्टा करतेय. मी हसलेसुद्धा. ती नाही हसली. संध्याकाळी परत, "मासी, चहा ठेवू?" तिसऱ्या दिवशी मी चिडले, "पुरे झालं आता, किती ताणशील!" म्हणून ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "सॉरी, मासी." ह्यांनी तिला रागावून पाहिलं, थोरलीने समजावलं. ती उलट बोलत नव्हती, भांडत नव्हती, सगळी कामं करत होती. फक्त मला मम्मी म्हणत नव्हती. टेबल आणलं आम्ही. ती त्यावर अभ्यासाला बसायची आणि मी मशीनवर तिच्या पाठीमागे. एका खोलीत दोघी.

मी आजवर एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. ही धाकटी झाली तेव्हा दाई म्हणाली मुलगी आहे, आणि मी मान भिंतीकडे फिरवली. कोणी मला काही बोललं नव्हतं, माझी सासू तर साखर वाटत होती. माझं मीच. दोन दिवस मी तिच्याकडे नीट पाहिलं नाही, दूध पाजायचं म्हणून पाजलं. तिसऱ्या दिवशी ती शिंकली आणि मला हसू आलं, आणि मग मी तिला खाली ठेवलंच नाही. मला वाटलं होतं ते दोन दिवस कुठेतरी विरून गेले. गेले नव्हते वाटतं. नाहीतर जिभेवर तो शब्द तयारच कसा होता? आणि मी त्या पाचशे कमी करा म्हणणाऱ्याला शिव्या घालत होते! या विचाराने मला दिवसचे दिवस धड जेवण गेलं नाही. पोरीला सांगावं असं दहादा वाटलं, पण अशी गोष्ट कोणत्या तोंडाने सांगतात ते मला माहीत नव्हतं.

असे सहा महिने गेले. परीक्षा जवळ आली. मासी थोडं कमी झालं, पण त्याच्या जागी मम्मी आलं नाही. ती मला हाक न मारताच बोलायला शिकली. एका रविवारी दुपारी मी कणीक मळत होते, हात भरलेले, आणि माझा मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मी धाकटीला म्हटलं उचल, स्पीकरवर टाक.

उचलल्याबरोबर सासूचा आवाज. मी ओळखला. "आंडेर व्हयनी!" ती ओरडत होती. मुलगी झाली. त्याच वाक्यात मला खोटारडी म्हणाली, दगलबाज म्हणाली. पाळणा अंगणात फेकलाय म्हणाली. पैसे नकोत, पण तुमचा मुलगा कुठे आहे तो आणून दाखवा, माझ्यासमोर उभा करा, आहे तरी का तो? मी कणकीच्या हातांनी उभी. मला आनंद झाला होता, भीती वाटत होती, लाज वाटत होती, सगळं एकदम. मुलगी झाली! ती झाली, म्हणजे आहे, जगात आहे. आणि ही बाई तिच्या नावाने शंख करतेय.

धाकटीने मोबाइल तोंडाजवळ घेतला. मला वाटलं बंद करेल. ती बोलायला लागली, आणि मी ऐकतच राहिले, कारण ती अहिराणीत बोलत होती. अडखळत, चुकत, जन्मात पहिल्यांदा.

"आंडोर नही शे आमना घरमा. दोन आंडेरी शेतस. त्या पाळणामा शेवट मी झोपेल व्हतू. शेजारनी नही. मी."

मग धाकटीने विचारलं, "पोर कशी शे?"

कोणी तिला तोवर हे विचारलंच नसावं. सासू फोन ठेवायचा विसरली होती, नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. आणि त्या श्वासामागून, लांबून कुठून तरी, रडण्याचा आवाज यायला लागला. बारीक, चिरका, हट्टी. चांगला खणखणीत रडत होती पोरगी.

धाकटीने मोबाइल माझ्याकडे धरला. तिचे डोळे भरले होते.

"मम्मी, ऐक," ती म्हणाली.

आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो, पलीकडून फोन बंद होईपर्यंत.